लायब्ररी जोडताना लायसन्सची जुळणी: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

बहुतेक ठिकाणी लायसन्स तपासणं म्हणजे काय असतं? प्रत्येक लायब्ररीचं (म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचं) पान उघडायचं, ‘ओपन सोर्स’ लिहिलेलं दिसलं की हुश्श करून पुढच्या लायब्ररीकडे वळायचं. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक लायब्ररी ठीकच असते. भांडण लागतं ते सगळ्या एकाच बायनरीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्राममध्ये, येऊन बसल्यावर. त्यामुळे तपासायचं असतं ते तयार झालेलं अख्खं गाठोडं, आणि तेही कोड लिहून संपायच्या आधी.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफमधून मजकूर काढणारा डेस्कटॉप प्रोग्राम आपण बनवतोय. अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट, त्याच्या पोटात लेप्टोनिका, वाकडी पानं सरळ करायला ओपनसीव्ही, पीडीएफची पानं चित्रात बदलायला पॉपलर, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी आणि मजकूर दाखवायला लोहित देवनागरी फॉन्ट. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, फुकट मिळणारं. तरीही यात काही ठिकाणी पाय घसरू शकतो.

मी प्रोग्रामर आहे, वकील नाही. मोठा करार किंवा कोर्टाची शक्यता असेल तर वकिलाकडे जाच. पण जाताना खालची यादी तयार करून न्या, नाहीतर तो पहिल्या भेटीत तीच मागेल.

## टप्पा १: कोणाला काय देणार, हे आधी लिहून काढा

जीपीएल म्हणजे प्रोग्राम वाटलात तर त्याचा सोर्सही त्याच लायसन्सखाली द्या, असं सांगणारं लायसन्स. त्याच्या बहुतेक अटी लागू होतात त्या प्रत दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. ऑफिसातल्या ऑफिसात वापरायचं असेल तर जीपीएल २ आणि अपाची (सोर्स द्यायची सक्ती नसलेलं लायसन्स; ही जोडी का जुळत नाही ते टप्पा ५ मध्ये) एकत्र केलेत म्हणून कोणी काही विचारणार नाही. म्हणून पहिला प्रश्न लायसन्सचा नाहीच, वितरणाचा आहे. एका कागदावर चार ओळी लिहा: बायनरी देणार की सोर्स, कोणाला देणार, इन्स्टॉलरमध्ये आणखी काय काय जाणार, आणि प्रोग्राम सर्व्हरवर चालून लोक तो नेटवरून वापरणार आहेत का.

आपल्याकडे सर्व्हिस कंपन्यांत एक गैरसमज घट्ट बसलाय: ‘आम्ही प्रॉडक्ट विकत नाही, फक्त क्लायंटला बिल्ड देतो.’ क्लायंटला बिल्ड दिलं की वितरण झालं. जीपीएलला तुमची पावती दिसत नाही, प्रत हातातून हातात गेलेली दिसते.

सर्व्हरवाल्यांनी जीपीएलचं भावंड असलेल्या एजीपीएल ३ कडे वेगळं बघायचं. बदललेला प्रोग्राम नेटवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे, असं त्याचं १३ वं कलम सांगतं. तिथे ‘आम्ही प्रत कोणालाच दिली नाही’ हा बचाव चालत नाही.

## टप्पा २: यादी बनवा, पण तयार बायनरीवरून

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पायथॉनची रिक्वायरमेंट्स फाइल किंवा सीमेकची फाइल बघून केलेली यादी म्हणजे तुम्ही काय मागितलं त्याची यादी. प्रत्यक्षात काय आलं ते निराळं असतं. लिनक्सवर तयार बायनरीवर एलडीडी (बायनरीला चालताना लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी कमांड) चालवा. ओळींमागून ओळी येतील, आणि त्यातली निम्मी नावं तुम्ही कधी टाइपही केलेली नसतील. टेसरॅक्ट मागितलंत, तर लेप्टोनिका आलं आणि लेप्टोनिकाच्या मागोमाग चित्रांचे फॉरमॅट वाचणाऱ्या लायब्रऱ्या आल्या. ही सगळी नावं यादीत हवीत.

पण एलडीडीला तीन गोष्टी दिसत नाहीत. स्टॅटिक लिंक होऊन पोटात विरघळलेल्या लायब्रऱ्या. प्रोग्राम चालू असताना उघडले जाणारे प्लगइन. आणि फक्त हेडर फाइलच्या रूपात आलेला कोड, कारण तो तुमच्याच ऑब्जेक्ट फाइलमध्ये कंपाइल होऊन बसतो. पहिल्या आणि तिसऱ्यासाठी बिल्डचा लॉग वाचावा लागतो, प्लगइनसाठी पॅकेजमध्ये गेलेल्या फाइल्स बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

पायथॉनवाल्यांसाठी आणखी एक खाच. पिप-लायसन्सेससारखं साधन तुम्हाला पॅकेजवर लिहिलेलं लायसन्स सांगतं. ओपनसीव्ही-पायथॉनचं तयार व्हील (पायथॉनचं बांधलेलं पॅकेज) उतरवून घ्या आणि झिप फाइलसारखं उघडा. ओपनसीव्ही स्वतः अपाची २.०. पण त्याच व्हीलमध्ये व्हिडिओ हाताळणारं एफएफएमपेग बसलेलं असतं, एलजीपीएल २.१ (जीपीएलचं लायब्रऱ्यांसाठीचं सौम्य रूप) खाली. लिनक्सच्या नेहमीच्या व्हीलमध्ये क्यूटीही असतं, एलजीपीएल ३ खाली. म्हणजे आपण क्यूटी एकदा स्वतः जोडलं आणि दुसऱ्यांदा नकळत. खिडक्या आपल्या आपणच काढणार असू तर ओपनसीव्हीचं हेडलेस, म्हणजे खिडक्यांशिवायचं, व्हील घ्यावं. यादी तेवढीच आटोपशीर होते.

तपासा: यादीत प्रत्येक ओळीला नाव, नेमकी आवृत्ती, कुठून आलं आणि कोणी ओढून आणलं, असे चार रकाने आहेत का? ‘नवीनतम’ ही आवृत्ती नव्हे.

## टप्पा ३: प्रत्येकाचं नेमकं लायसन्स, नेमक्या आवृत्तीचं

‘जीपीएल आहे’ हे उत्तर अर्धवट आहे. जीपीएल २ फक्त, जीपीएल २ किंवा पुढची कुठलीही, जीपीएल ३ फक्त, जीपीएल ३ किंवा पुढची, ही चार वेगळी लायसन्स समजून चाला. रेपोत ठेवलेली कॉपीइंग नावाची फाइल फक्त जीपीएलचा मजकूर देते. ‘किंवा तुमच्या मर्जीनुसार पुढची आवृत्ती’ हे वाक्य असतं प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर किंवा रीडमीत. गिटहबच्या उजव्या बाजूला दिसणारी लायसन्सची ओळ हा फरक सांगत नाही. एसपीडीएक्सची ओळख (लायसन्सचं ठरावीक छोटं नाव) फाइलमध्ये असेल तर काम सोपं, कारण तिच्यात ‘ओन्ली’ की ‘ऑर लेटर’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

पॉपलरची एखादी मूळ फाइल उघडून बघा. हा कोड एक्सपीडीएफ या जुन्या पीडीएफ प्रोग्राममधून आलेला आहे, आणि फाइलच्या वरच लिहिलेलं सापडतं की पॉपलर प्रकल्पात झालेले बदल जीपीएल २ किंवा पुढच्या आवृत्तीखाली आहेत. मग मूळ एक्सपीडीएफचा भाग? तो पूर्वी फक्त जीपीएल २ होता, ३.०३ पासून जीपीएल २ किंवा ३ झाला. एका फाइलमध्ये दोन मालक आणि दोन वाक्यं. त्यातून निघणारं उत्तर असं की आपल्याला ३ निवडता येतो. हे उत्तर पुढच्या टप्प्यात फार महत्त्वाचं ठरणार आहे, आणि ते प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरून मिळालं नसतं.

आवृत्ती बदलली की लायसन्स बदलू शकतं, याची ठळक उदाहरणं:

ओपनसीव्ही ४.५.० च्या आधी तीन कलमी बीएसडी (हेही सोर्स द्यायची सक्ती नसलेलं लायसन्स) होतं, तिथून पुढे अपाची २.०. एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल १.१ पर्यंत स्वतःच्या जुन्या लायसन्सखाली होती, त्यातली जाहिरातीत नाव छापायची अट जीपीएलला मान्य नाही. २०२१ मध्ये आलेलं ३.० अपाची २.० खाली आहे. मोठ्या संख्यांचं गणित करणारं जीएमपी काही वर्षं एलजीपीएल ३ होतं आणि ‘फक्त जीपीएल २’ वाल्यांना ते वापरता येईना, म्हणून २०१४ च्या ६.० पासून ते एलजीपीएल ३ किंवा जीपीएल २ अशा दुहेरी लायसन्सखाली आलं.

आणि कधी आवृत्ती तीच राहते, बिल्डचा पर्याय लायसन्स बदलतो. एफएफएमपेग सहज बांधलं तर एलजीपीएल २.१ किंवा पुढचं. कॉन्फिगर करताना ‘एनेबल-जीपीएल’ दिलं, आणि एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर हवा असेल तर ते द्यावंच लागतं, की अख्खं एफएफएमपेग जीपीएल. ‘एनेबल-नॉनफ्री’ दिलं तर कॉन्फिगर संपताना लायसन्सच्या ओळीत सरळ लिहून येतं की हे वाटता येणार नाही. ती ओळ पडद्यावरून सरकून जाते आणि कोणी वाचत नाही. हातात आलेल्या बायनरीचं लायसन्स विचारायचं असेल तर एफएफएमपेगच्या कमांडला मोठ्या एलचा पर्याय द्या, ते स्वतःच सांगतं.

इशारा: ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांत घोळ घालू नका. ‘एमआयटी किंवा अपाची’ म्हणजे तुम्ही एक निवडा. ‘एमआयटी आणि अपाची’ म्हणजे दोन्ही पाळा. ‘जीपीएल, अमुक अपवादासह’ असं दिसलं तर तो अपवाद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जीसीसी या कंपायलरच्या रनटाइम लायब्रऱ्या जीपीएल ३ असूनही आपण बिनधास्त वापरतो, ते अशाच अपवादामुळे.

## टप्पा ४: जोड कशी आहे, तेही लिहा

जीपीएलपुरतं बोलायचं तर स्टॅटिक (लायब्ररी बायनरीतच मिसळलेली) आणि डायनॅमिक (लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये, चालताना जोडली जाणारी) लिंकिंग यांत फरक आहे या भरवशावर राहू नका. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं असं की दोन्हींत मिळून एकच कृती तयार होते. यावर वाद घालणारे वकील आहेत. पण ज्याचा कोड तुम्ही घेताय तो तुमच्या बाजूने वाद घालेल असं धरून प्रकल्प उभा करू नये.

एलजीपीएलमध्ये मात्र हा फरक खराखुरा आहे. डायनॅमिक जोड असेल तर वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली प्रत जुन्या जागी ठेवून प्रोग्राम चालवता येतो, म्हणून अट आपोआप बरीचशी पुरी होते. स्टॅटिक जोडलं तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइल्स किंवा सोर्स द्यावा लागतो, म्हणजे त्याला पुन्हा लिंक करता येईल. पायथॉनचा प्रोग्राम बांधताना पायइन्स्टॉलरने सगळं एका फाइलमध्ये कोंबण्याचा मोह होतो. क्यूटी एलजीपीएलखाली वापरत असाल तर फोल्डर पद्धतच घ्या. क्यूटीच्या फाइल्स उघड्यावर दिसतात आणि बदलता येतात.

वेगळी प्रोसेस हा तिसरा प्रकार. पॉपलर लायब्ररी म्हणून न जोडता त्याची पीडीएफटूपीपीएम ही कमांड चालवली, पानाचा नंबर दिला आणि चित्राची फाइल परत घेतली, तर हे दोन वेगळे प्रोग्राम समजले जातात. पण तुम्ही दोघांमध्ये पाइप टाकून आतल्या डेटा स्ट्रक्चरची अदलाबदल करू लागलात, तर नावाला दोन आणि कामाला एक अशी अवस्था होते. फाउंडेशनही मग ते वेगळे मानत नाही.

## टप्पा ५: दिशा बघा, आणि सगळ्यांची एकत्र बघा

जुळणी दोन्ही बाजूंनी चालते असं समजणं ही सर्वांत जुनी चूक. वरच्या वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात उतरतं, खालचं वर चढत नाही. एमआयटी आणि बीएसडी या सर्वांत मोकळ्या लायसन्सचा कोड अपाची २.० च्या प्रकल्पात जातो. अपाचीचा कोड जीपीएल ३ मध्ये जातो, जीपीएल ३ चा अपाचीच्या लायसन्सखाली येत नाही. जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ एकमेकांशी जोडता येतात, पण मग एकत्रित प्रोग्रामला नेटवरची अट लागते.

पाट फुटतो तो या जागी:

अपाची २.० आणि ‘फक्त जीपीएल २’: जुळत नाही. पेटंटसंबंधीच्या अटी जीपीएल २ ला जादा बंधन वाटतात. ‘जीपीएल २ किंवा पुढची’ असेल तर ३ निवडून सुटका होते. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने याच कारणाने अपाचीला वेगळा अपवाद जोडून घेतला आहे.

‘फक्त जीपीएल २’ आणि जीपीएल ३ किंवा एलजीपीएल ३: जुळत नाही. घरातलेच दोन भाऊ, तरी नाही.

सीडीडीएल आणि कुठलाही जीपीएल: नाही. एक्लिप्सचं १.० लायसन्स: नाही, २.० असेल तर कोडच्या मालकाने दुय्यम लायसन्स म्हणून जीपीएलचं नाव घेतलं असेल तरच. मोझिला २.० साधारण जुळतं, मात्र दुय्यम लायसन्सशी विसंगत अशी नोंद फाइलवर नाही ना, ते बघावं लागतं.

आता आपला प्रोग्राम घ्या. टेसरॅक्ट अपाची २.०, ओपनसीव्ही ४.५ च्या पुढचं अपाची २.०. म्हणजे ‘फक्त जीपीएल २’ चा एकही तुकडा चालणार नाही. पॉपलर २ किंवा ३, म्हणून ३ घेऊ. क्यूटी एलजीपीएल ३, चालतं. लेप्टोनिका बीएसडी, कुठेही चालतं. लोहित एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. प्रोग्रामबरोबर देता येतो, फक्त फॉन्ट एकटा विकायचा नाही. उत्तर आलं: जुळतं, पण पॉपलर लिंक केलेलं असेल तर अख्खी बायनरी जीपीएल ३ खालीच द्यावी लागेल. तुमच्या स्वतःच्या फाइल्सवर एमआयटी लिहिलेलं राहू शकतं, गाठोडं मात्र जीपीएल ३.

पायथॉनमधून क्यूटी वापरू देणाऱ्या पायक्यूटीचं नाव घ्यायचं राहिलं. क्यूटी एलजीपीएल आहे म्हणून पायक्यूटीही एलजीपीएल असेल, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. पायक्यूटी जीपीएल ३ किंवा विकतच्या लायसन्सखाली येतं. एलजीपीएल हवं असेल तर पायसाइड घ्या. क्यूटीचीही काही मॉड्यूल्स, उदाहरणार्थ क्यूटी चार्ट्स, एलजीपीएलखाली मिळत नाहीत.

तपासा: जोड्या जोड्या तपासून थांबलात का? अ आणि ब जुळतात, ब आणि क जुळतात, म्हणून अ आणि क जुळतीलच असं नाही. अख्ख्या यादीला मान्य होईल असं एक लायसन्स कागदावर लिहिता आलं पाहिजे.

## टप्पा ६: जुळत नसेल तर, या क्रमाने

आधी आवृत्ती बदलून बघा. तुमचा प्रोग्राम जीपीएल ३ असेल तर ओपनएसएसएल १.१ वरून ३.० वर गेलं की प्रश्न मिटतो. ‘फक्त जीपीएल २’ असेल तर मिटत नाही.

मग लायब्ररी बदला. कमांडची ओळ टाइप करू देणारं रीडलाइन जीपीएल ३ आहे, त्याच्या जागी बीएसडीवालं लिबएडिट चालतं. पीडीएफसाठी मीही एकदा म्यूपीडीएफ घेतलं होतं, वेगावर भाळून. सहा महिन्यांनी क्लायंटने लायसन्सची यादी मागितली तेव्हा पहिल्यांदा बघितलं: एजीपीएल ३, नाहीतर पैसे भरून. क्लायंटला सोर्स द्यायचा नव्हता. सगळं काढून पीडीएफियमवर नेलं, दोन आठवडे गेले, आणि पानांवरची जोडाक्षरं पुन्हा एकेक तपासत बसलो. टप्पा ३ पहिल्या दिवशी केला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर वेगळ्या प्रोसेसचा मार्ग. आपल्या उदाहरणात पॉपलर कमांड म्हणून चालवलं तर मुख्य प्रोग्राम जीपीएलच्या बाहेर राहतो. पण ती कमांड इन्स्टॉलरमधून तुम्हीच देत असाल तर तिचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमचीच.

शेवटी अपवाद. तुमचा स्वतःचा जीपीएल कोड असेल तर ‘ओपनएसएसएलशी लिंक करायला परवानगी’ असं वाक्य तुम्ही जोडू शकता. फाइल्स डाउनलोड करणाऱ्या जीएनयू डब्ल्यूगेटने हेच केलं होतं. दुसऱ्याच्या कोडसाठी तुम्ही अपवाद देऊ शकत नाही. पंधरा जणांनी पॅचेस पाठवलेले असतील तर पंधरा जणांची संमती लागते.

इशारा: ‘ती तर सिस्टिम लायब्ररी आहे’ हा जीपीएल २ मधला मोकळा दरवाजा अरुंद आहे. लायब्ररी वापरणाऱ्याच्या मशीनवर आधीपासून असेल तोवर ठीक. तुम्ही ती अॅपइमेजमध्ये किंवा डॉकर इमेजमध्ये प्रोग्रामसोबत पाठवलीत की दरवाजा बंद.

## टप्पा ७: पॅकेज बांधताना

एक लायसन्सेस नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक लायब्ररीचा पूर्ण मजकूर आणि कॉपीराइटची ओळ. एमआयटी, बीएसडीलाही एवढं तरी हवंच असतं, आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं. अपाचीच्या प्रकल्पात नोटीस फाइल असेल तर तीही घ्या, आणि त्यांच्या फाइल्स बदलल्या असतील तर बदलल्याचं लिहा.

जीपीएलच्या भागांसाठी सोर्स म्हणजे नुसती मूळ टारबॉल नव्हे. तुमचे पॅचेस आणि बिल्डच्या स्क्रिप्ट्सही. जमेल तर सोर्स बायनरीशेजारीच ठेवा. लेखी हमीचा (सोर्स मागितला की देऊ, असं लिहून देण्याचा) मार्ग घेतला तर ती किमान ३ वर्षं पाळावी लागते, आणि तीन वर्षांनी तो बिल्ड सर्व्हर कुठे असेल कोणास ठाऊक.

तुमचा वापरकरार एकदा वाचा. कुठून तरी उचललेल्या करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ हे वाक्य जवळजवळ नेहमी असतं. एलजीपीएल लायब्ररी वापरत असाल तर स्वतःच्या वापरासाठी बदल करून ते डीबग करण्यापुरती सूट द्यावीच लागते. ते वाक्य दुरुस्त करा.

तपासा: कोरं मशीन घ्या, इन्स्टॉल करा, फोल्डर उघडा. टप्पा २ ची यादी आणि समोर पडलेल्या फाइल्स एकेक करून टिक करा. यादीत नसलेली एकही फाइल दिसली तर परत टप्पा २. आणि कुठल्याही लायब्ररीची आवृत्ती वाढवलीत की तिची ओळ नव्याने भरा.

## आधीच पाठवून झालं असेल तर

पहिलं काम, डाउनलोड बंद करा. गुपचूप दुरुस्त करून जुनी प्रत तशीच चालू ठेवणं हा सर्वांत वाईट पर्याय. जीपीएल २ च्या ४ थ्या कलमानुसार अट मोडली की तुमचा हक्क आपोआप संपतो. जीपीएल ३ थोडं समजूतदार आहे: उल्लंघन थांबवलंत आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकाने कळवलं नाही, तर हक्क कायमचा परत मिळतो. त्या मालकाकडून पहिल्यांदाच नोटीस आली असेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करा. म्हणून नोटीस आली की उत्तराचा मसुदा करत बसण्याआधी ती कुठल्या तारखेला मिळाली ते लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी टप्पा २ ची यादी काढायला घ्या.